चित्रपटातील नेपथ्य आणि साहित्यातील स्थळ : रामनगरच्या खडकांच्या निमित्ताने

१

‘नेपथ्य’ हा शब्द मराठीत आज ज्या अर्थाने रूढ झाला आहे, तो त्याचा मूळ अर्थ नव्हे. संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे पडद्यामागील जागा. पात्रांची वेषभूषा हाही त्याचा एक अर्थ. भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाचे विवेचन करताना नेपथ्याचे चार प्रकार सांगितले आहेत : पुस्त, अलंकार, अंगरचना आणि सजीव. ह्यांपैकी ‘पुस्त’ म्हणजे पर्वत, रथ, विमान अशा ज्या वस्तू प्रत्यक्षात रंगभूमीवर आणता येत नाहीत त्यांच्या प्रतिकृती. चटया, कापड, कातडी इत्यादी जोडून केलेले ते संधिम पुस्त. यांत्रिक युक्तीने चालणारे ते व्याजिम. आजच्या कलादिग्दर्शकाला ही परिभाषा ऐकवली तर त्याला ती परकी वाटणार नाही. लाकूड, कापड, कागदाचा लगदा आणि यांत्रिक युक्ती ह्यांवरच त्याचाही निर्वाह चालतो.

परंतु एक भेद मूलगामी आहे. संस्कृत रंगभूमीवर वस्तूची प्रतिकृती होत असे, स्थळाची होत नसे. स्थळ शब्दांतून आणि कक्ष्याविभागाच्या संकेतांतून सिद्ध होई. पात्राने रंगपीठावर एक फेरी घातली की नगर मागे पडे आणि अरण्य सुरू होई. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातील रथाचा वेग, पळणारे हरीण आणि आश्रमाची सीमा ही सर्व कालिदासाच्या श्लोकांत व नटाच्या अभिनयात आहेत. स्थळ निर्माण करण्याचे काम तेथे कवीकडे होते.

चित्रपटाने हे काम कवीकडून काढून घेतले. कॅमेरा शब्दाची हमी स्वीकारीत नाही. जे समोर असेल तेच तो टिपतो. त्यामुळे कथेतील स्थळ कोणीतरी प्रत्यक्ष उभे करणे अपरिहार्य झाले. हे काम करणाऱ्या कारागीर-कलावंताला आपण कलादिग्दर्शक म्हणतो. साहित्याच्या अभ्यासकाने त्याच्याकडे का पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कथा-कादंबरीवरून झालेल्या चित्रपटांची चर्चा आपल्याकडे बहुधा कथानक, संवाद आणि पात्रे ह्यांपुरती मर्यादित राहते. मूळ संहितेतील कोणता प्रसंग गाळला, कोणता बदलला, ह्याचा हिशेब आपण चोख मांडतो. पण संहितेतील ‘जागा’ कोणी आणि कशी वाचली, हा प्रश्न सहसा विचारीत नाही. कलादिग्दर्शक हा संहितेचा एक वाचक असतो, आणि त्याचे वाचन लाकडात, दगडात व चुन्यात लिहिलेले असते, एवढा मुद्दा मान्य केला तरी पुष्कळ गोष्टी नव्याने दिसू लागतात. त्यासाठी बेंगळुरूच्या परिसरातील दोन उदाहरणे विशेष उपयोगी आहेत. मात्र त्यांच्याकडे वळण्यापूर्वी ह्या कलेच्या दोन परंपरा, हॉलिवुडची आणि कोल्हापूरची, थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे.

२

हॉलिवुडच्या आरंभकाळात नेपथ्य हे सुताराचे आणि पडदे रंगवणाऱ्याचे काम समजले जाई. डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या ‘इन्टॉलरन्स’ (१९१६) ह्या चित्रपटासाठी उभारलेले भव्य बॅबिलोन हे त्या काळाच्या महत्त्वाकांक्षेचे प्रतीक होय. १९२० नंतर मोठमोठ्या चित्रसंस्थांनी स्वतंत्र कलाविभाग स्थापन केले. मेट्रो-गोल्डविन-मेयर संस्थेच्या कलाविभागाची धुरा सेड्रिक गिबन्स ह्यांच्याकडे १९२४ पासून १९५६ पर्यंत होती. ऑस्करची मूर्ती त्यांच्याच संकल्पनेतून घडली आणि कलादिग्दर्शनासाठी तीच मूर्ती त्यांना ११ वेळा मिळाली. ह्या संख्येमागे एक व्यवस्था आहे. संस्थेच्या चित्रपटांवर कलादिग्दर्शक म्हणून विभागप्रमुखाचे नाव लागावे असा करारच होता. प्रत्यक्ष आराखडे काढणारी माणसे बहुधा दुसऱ्या ओळीत राहत. ‘सिटिझन केन’ (१९४१) ह्या चित्रपटातही विभागप्रमुख म्हणून व्हॅन नेस्ट पोलग्लेस ह्यांचे नाव मुख्य स्थानी आहे, तर ज्यांनी ते काम प्रत्यक्ष केले ते पेरी फर्ग्युसन ‘सहायक’ म्हणून नोंदले गेले आहेत.

ह्या व्यवस्थेत नव्या विचाराची भर घातली ती विल्यम कॅमेरॉन मेन्झीस ह्यांनी. १९२९ साली झालेल्या पहिल्या ऑस्कर समारंभात कलादिग्दर्शनाचा पुरस्कार त्यांनाच मिळाला होता. ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) ह्या चित्रपटासाठी निर्माता डेव्हिड सेल्झनिक ह्यांनी त्यांना ‘प्रॉडक्शन डिझायनर’ असे नवे अभिधान दिले. मेन्झीस प्रत्येक दृश्याची चित्रे आधी काढीत : कॅमेरा कोठे असेल, प्रकाश कोणत्या बाजूने येईल, कोणता रंग प्रबळ राहील, पात्र चौकटीच्या कोणत्या भागात असेल. म्हणजे वास्तूची रचना करण्याऐवजी ते दृष्टीची रचना करीत होते. वास्तुशिल्पी घर बांधतो ते त्यात राहता यावे म्हणून; कलादिग्दर्शक घर बांधतो ते विशिष्ट जागेवरून पाहता यावे म्हणून. भिंगाच्या कक्षेत न येणारी भिंत तो बांधतच नाही, आणि कॅमेऱ्याला मागे सरकण्यास जागा हवी असेल तर बांधलेली भिंतही उचलून बाजूला ठेवता येईल अशी करतो.

ह्या कलेचे अर्थकारणही लक्षात घेण्याजोगे आहे. ‘गॉन विथ द विंड’मधील अटलांटा शहराची आग चित्रित करण्यासाठी १९३८ च्या डिसेंबरात चित्रनगरीतील जुनी नेपथ्ये जाळण्यात आली. ‘किंग कॉंग’ (१९३३) मध्ये दिसलेली प्रचंड भिंतही त्यांत होती. एका कथेचे स्थळ दुसऱ्या कथेचे सरपण झाले. नेपथ्य ही जन्मतःच नाशवंत कला आहे, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. ज्या कलेची मूळ प्रत काम संपताच नष्ट होते, तिच्या कर्त्याचे नावही सहज विसरले जाते. पुढील विवेचनात हा धागा पुन्हापुन्हा येणार आहे.

३

आपल्याकडे ह्या कलेचा पाया ज्यांनी घातला, त्यांत कोल्हापूरच्या बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) ह्यांचे स्थान अग्रगण्य आहे. ‘पेंटर’ हे उपनाम त्यांना व्यवसायाने दिले. बंधू आनंदराव ह्यांच्यासह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. दरबार, रस्ता, जंगल असे पडदे एका नाटकातून दुसऱ्या नाटकात फिरत. ते स्थळाचा प्रकार दाखवीत, विशिष्ट स्थळ दाखवीत नसत. आनंदराव १९१६ साली वारले. त्यानंतर बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ प्रदर्शित केला. पडदे रंगवण्यात आयुष्य घालवलेल्या ह्या माणसाने चित्रपटात पडद्याचा त्याग करून घनाकृती, त्रिमिती नेपथ्य स्वीकारले, ही घटना मोठी अर्थपूर्ण आहे. रंगवलेल्या पडद्यावरील छाया कायमची एकाच दिशेने पडलेली असते. उभारलेल्या खांबाची छाया दिव्याबरोबर हलते. ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. ही दोन्ही पावले परस्परांशी निगडित आहेत. प्रकाश आणि घनता ह्यांच्या संयोगातून पडद्यावरील स्थळ श्वास घेऊ लागते.

नारायण हरी आपटे ह्यांच्या कथेवरील ‘सावकारी पाश’ (१९२५) हा ह्या विकासाचा पुढचा टप्पा. त्यातील अंधुक प्रकाशातील शेतकऱ्याची झोपडी आणि तेथे रडणारे कुत्रे ह्यांचा उल्लेख ज्यांनी तो मूकपट पाहिला त्यांच्या आठवणींतून आपल्यापर्यंत आला आहे. मूकपटातील कुत्र्याचे रडणे प्रेक्षकांना ‘ऐकू’ यावे, ह्यातच त्या झोपडीच्या रचनेचे यश आहे. परंतु तो मूकपट आज उपलब्ध नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या बहुतेक निर्मितीची हीच स्थिती आहे. मराठी सामाजिक कथेचे पडद्यावरील पहिले महत्त्वाचे घर आपल्याला केवळ ऐकीव माहितीतून ठाऊक आहे.

बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल हे १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचे भागीदार होते. १९३३ साली प्रभात पुण्यास आली. फत्तेलाल हे तिचे कलादिग्दर्शक. त्यांच्या कामाची प्रत समजण्यासाठी ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘संत तुकाराम’ (१९३६) ही दोन उदाहरणे पुरेशी आहेत. ‘कुंकू’ आपटे ह्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ ह्या कादंबरीवरून निघाला. त्यातील भिंतीवरचे जुने घड्याळ ही निव्वळ शोभेची वस्तू राहत नाही. वृद्ध काकासाहेबांच्या आयुष्याशी ते इतके एकरूप होते की त्याचा लंबक हे एक पात्रच ठरते. कादंबरीकाराला जे निवेदनातून सांगावे लागते, ते येथे एका वस्तूच्या स्थानावरून सांगितले जाते. ‘संत तुकारामा’त प्रश्न वेगळा होता. त्यात चमत्कार आहेत. इंद्रायणीतून वर आलेली गाथा आहे, अखेरीस वैकुंठाचे विमान आहे. भरताच्या परिभाषेत सांगावयाचे तर तेथे व्याजिम पुस्ताला भरपूर वाव आहे. परंतु हे चमत्कार मानवतात ते जिजाईच्या संसारामुळे : तिचे घर, तिची म्हैस, तिची रोजची ओढाताण. घर जितके खरे, तितके विमान विश्वसनीय. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात ह्या चित्रपटाचा गौरव झाला, तेव्हा परक्या प्रेक्षकांनी वाचलेला देहू गाव हा पुण्याच्या स्टुडिओत घडलेला होता.

४

ह्या परंपरेची पार्श्वभूमी लक्षात घेऊन आता बेंगळुरूकडे वळू. म्हैसूरच्या रस्त्यावर, शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर रामनगर आहे. त्याचे जुने नाव क्लोजपेट. ह्याच नावावरून भूशास्त्रज्ञ त्या भागातील खडकाला क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणतात. सपाट मुलखातून अचानक वर आलेले, उघडेबोडके, गोलसर माथ्याचे हे डोंगर आहेत. ऑक्टोबर १९७३ मध्ये रमेश सिप्पी ह्यांच्या ‘शोले’चे चित्रीकरण येथे सुरू झाले, चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. सलीम-जावेद ह्यांच्या पटकथेतील रामगढ हे गाव ह्या खडकांच्या पायथ्याशी ज्यांनी उभे केले, ते कलादिग्दर्शक म्हणजे राम येडेकर. छायालेखक द्वारका दिवेचा होते. सामान व माणसे नेता यावीत म्हणून मुख्य रस्त्यापासून तेथवर वाट तयार करावी लागली. तुरुंगाचे नेपथ्य मुंबईत राजकमल स्टुडिओजवळ उभारले, तेही उघड्यावर. कारण रामनगरच्या नैसर्गिक प्रकाशाशी त्याचा मेळ बसणे आवश्यक होते. आगगाडीवरील दरोड्याचे चित्रण पनवेलच्या बाजूस झाले. प्रेक्षकाला जो एकसंध मुलूख दिसतो, तो असा परस्परांपासून शेकडो कोस दूर असलेल्या तुकड्यांचा जोड आहे. ‘संधिम’ हा शब्द येथे व्यापक अर्थाने लागू पडतो.

रामगढ कोणत्या प्रांतात आहे? ठाकूर, डाकू, टांगेवाली आणि बोलीचा बाज पाहता ते उत्तरेत असावे. डाकूंच्या कथांचा रूढ मुलूख चंबळच्या घळींचा. घळ खाली उतरते. तीत माणूस लपतो. रामनगरचा खडक वर चढतो. त्यावर माणूस उभा राहतो आणि दिसतो. ह्या एका बदलाने खलनायकाचे स्वरूपच बदलले. गब्बरचा अड्डा हा लपण्याचा अड्डा वाटत नाही, तो सिंहासनाशिवायचा दरबार वाटतो. उंच खडकांवर पहारेकरी, खाली मोकळी जागा आणि त्या जागेत प्रत्येक जण वरून पाहिला जाणारा. पुढे ह्याच कातळावर काचांच्या तुकड्यांवरून बसंतीला नाचावे लागते, तेव्हा जमिनीचा कठीणपणा हाच त्या प्रसंगाचा आशय होतो. मातीच्या घळीत हा प्रसंग ह्या तीव्रतेने घडलाच नसता.

गावाची रचना पाहिली तर ती भूगोलापेक्षा कथेच्या गरजांनी ठरलेली दिसते. ठाकूरचे घर, देऊळ, मशीद, चौक आणि पाण्याची उंच टाकी ही ह्या संहितेची पाच पदे आहेत. गावात वीज नाही, घरात कंदील लावावे लागतात. मग एवढ्या उंच टाकीत पाणी चढते कसे, असा प्रश्न प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे विनोदाने विचारला आहे. प्रश्न रास्त आहे, पण तो अभियंत्याचा आहे. वीरूला सगळ्या गावासमोर, सगळ्या गावाच्या वर, आत्महत्येचे सोंग करावयाचे आहे. त्यासाठी पटकथेला एका उभ्या अक्षाची गरज आहे आणि टाकी तो अक्ष पुरवते. गब्बरच्या खडकावरील उंची भय निर्माण करते. गावातील उंचीवर मात्र विदूषकी चालते. दोन उंचींमधील हा विरोध नेपथ्याने साधला आहे.

कंदिलांचे प्रयोजन ह्याहून सूक्ष्म आहे. विधवा राधा घराच्या वरच्या सज्जातील दिवे एकेक करून मालवते. समोर, खाली, जय माउथ-ऑर्गन वाजवीत बसलेला असतो. दोघांत एक शब्दही होत नाही. मावळतीचा मोजका प्रकाश साधावा म्हणून अशा दोन प्रसंगांच्या चित्रणास वीस दिवस लागले, हे सर्वश्रुत आहे. छायालेखकाच्या ह्या धीराचे कौतुक झालेच पाहिजे. परंतु ह्या प्रसंगाचा अर्थ ज्या अंतरात आहे, ते अंतर आधी बांधले गेले होते. सज्जा आणि समोरील पायरी ह्यांमध्ये दृष्टी पोहोचते, हात पोहोचत नाही. हिंदू विधवेच्या मर्यादेविषयी एखाद्या कादंबरीकाराने पाच पृष्ठे लिहिली असती. कलादिग्दर्शकाने ती मर्यादा एका अंगणाच्या रुंदीत बसवली.

देवळातील प्रसंग साहित्याच्या अभ्यासकाला वेगळ्या कारणाने रोचक वाटेल. वीरू महादेवाच्या मूर्तीमागे लपून देवाच्या आवाजात बोलतो आणि बसंती फसते. पौराणिक चित्रपटांत दिव्य घडवून आणणाऱ्या नेपथ्याने चाळीस वर्षे प्रेक्षकाला हात जोडायला लावले. येथे त्याच युक्तीची मागची बाजू उघडी करून दाखवली आहे. गाथा वर आणणाऱ्या इंद्रायणीपासून ह्या बोलक्या मूर्तीपर्यंतचा प्रवास हा भारतीय चित्रपटातील श्रद्धेच्या रूपांतराचा प्रवास आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होऊ नये.

गाव आणि डाकूंचा मुलूख ह्यांमधील लाकडी पूल हा ह्या रचनेतील शेवटचा दुवा. जयचे मरण तेथेच ओढवते. सीमारेषेवर मरण येणे हा आख्यानाचा जुना संकेत आहे. येथे ती सीमारेषा कोणी तरी सुताराकरवी बांधवून घेतली होती, एवढेच लक्षात ठेवावयाचे.

५

दुसरे उदाहरण थेट साहित्यकृतीचे आहे. ई. एम. फॉर्स्टर ह्यांची ‘अ पॅसेज टु इंडिया’ ही कादंबरी १९२४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील मराबार गुंफांमागे बिहारमधील बराबर टेकड्यांतील मौर्यकालीन गुंफा आहेत, हे सर्वमान्य आहे. त्या गुंफांच्या आतील भिंती आरशासारख्या घोटलेल्या असून त्यांत ध्वनी घुमतो. साठ वर्षांनी, १९८४ साली, डेव्हिड लीन ह्यांनी ह्या कादंबरीवर आपला अखेरचा चित्रपट केला, तेव्हा चंद्रपूर हे काल्पनिक शहर व त्याचा बाजार बेंगळुरूच्या राजवाड्याच्या आवारात उभारण्यात आला आणि मराबारच्या डोंगरांची भूमिका सावनदुर्ग व रामनगर येथील खडकांनी केली. प्रमुख संकल्पक जॉन बॉक्स होते. त्यांच्या हाताखालील कलादिग्दर्शकांत राम येडेकर ह्यांचे नाव आहे. म्हणजे अवघ्या दहा वर्षांच्या अंतराने एकाच जातीच्या खडकाने आणि एकाच कलावंताच्या सहभागाने दोन सर्वस्वी भिन्न संहितांना स्थळ पुरवले.

फॉर्स्टरच्या गुंफांची अडचण ही की त्यांत काहीच नाही. कोरीव काम नाही, मूर्ती नाही, इतिहास नाही. एक गुंफा दुसरीहून वेगळी सांगता येत नाही. कादंबरीतील भाषा ह्या ‘काहीच नाही’ला एका प्रतिध्वनीचे रूप देते आणि तो प्रतिध्वनी मिसेस मूरच्या श्रद्धेचा पाया खचवतो. कलादिग्दर्शकाने ‘काहीच नाही’ कसे बांधावे? चित्रपटाने निवडलेले उत्तर असे : प्रचंड, निर्विकार कातळ आणि त्यात कापलेली काळी दारे. सावनदुर्गावर गुंफांची नुसती तोंडे करण्यात आली. दार आहे, पण त्यामागे गुंफा नाही; कादंबरीच्या आशयाशी ही रचना नकळत किती जुळते! ज्या दारामागे अर्थ शोधायला माणसे गेली, त्यामागे खडकच होता.

हे मान्य करूनही एक आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. रामनगरचा डोंगर डोळ्यांना भव्य दिसतो आणि भव्यता हे स्वतःच एक विधान आहे. फॉर्स्टरच्या निवेदनातील कोरडा उपरोध ह्या भव्यतेत विरून जातो. अडेला सायकलवरून जाऊन शृंगारशिल्पांनी भरलेले पडके देऊळ पाहते, हा कादंबरीत नसलेला प्रसंग चित्रपटात घातला आहे. तो गुंफेतील घटनेला एक दृश्य कारण पुरवतो. कादंबरीने जी जागा रिकामी ठेवली होती, ती नेपथ्याने भरून काढली. हे वाचन समर्थनीय आहे की नाही, ह्याविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु ते वाचन आहे आणि त्याची समीक्षा संवाद-पटकथेच्या समीक्षेइतकीच कठोरपणे झाली पाहिजे.

कर्नाटकातील तिसरे एक उदाहरण तुलनेसाठी येथे नमूद करतो. शंकर नाग ह्यांनी आर. के. नारायण ह्यांच्या कथांवर ‘मालगुडी डेज’ ही दूरदर्शन मालिका केली, तेव्हा मालगुडी हे काल्पनिक गाव आगुंबे येथे साकार झाले. कलादिग्दर्शक जॉन देवराज होते. तेथे नवे गाव उभारण्यापेक्षा असलेल्या गावावर काल्पनिक गावाचे हलके लेपन करण्यात आले. नारायण ह्यांच्या शैलीत स्थळाचे वर्णन अत्यंत मितव्ययी असते. आगुंबेच्या नेपथ्यातही तोच मितव्यय आहे. पुण्यातील जयू व नचिकेत पटवर्धन हे वास्तुशिल्पी दांपत्य आणि त्यांचा ‘२२ जून १८९७’ (१९७९) हा मराठी चित्रपट ह्याच वृत्तीचा. चापेकर बंधूंच्या काळचे पुणे त्यांनी वास्तुशिल्प्याच्या नजरेने, असलेल्या वाड्यांतूनच वेचून काढले. त्याच्या लेखनात शंकर नाग ह्यांचाही सहभाग होता, हा दोन प्रदेशांमधील दुवा विसरता येत नाही.

६

आता श्रेयाच्या प्रश्नाकडे येणे क्रमप्राप्त आहे. रिचर्ड ॲटनबरो ह्यांच्या ‘गांधी’ (१९८२) ह्या चित्रपटाला कलादिग्दर्शनाचा ऑस्कर मिळाला, तो स्टुअर्ट क्रेग, बॉब लेंग आणि मायकेल सेर्टन ह्यांच्या नावे. त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कलादिग्दर्शक म्हणून राम येडेकर ह्यांचे नाव आहे. पुरस्काराच्या नोंदीत नाही. पुरस्काराचे नियम आणि पदांची उतरंड ह्यांतून हे घडते; त्यात कोणा व्यक्तीचा दोष शोधण्याचे कारण नाही. परंतु परिणाम असा होतो की पुढील पिढीचा अभ्यासक पुरस्कारांची यादी पाहतो आणि भारतभूमीचे नेपथ्य घडवणाऱ्या भारतीयाचे नाव त्याला आढळत नाही. त्याच चित्रपटाच्या वेषभूषेसाठी जॉन मोलो ह्यांच्यासह भानू अथैया ह्यांना ऑस्कर मिळाला; तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्या मूळच्या कोल्हापूरच्या, आणि त्यांचे वडील अण्णासाहेब राजोपाध्ये ह्यांनी बाबूराव पेंटर ह्यांच्या चित्रपटांसाठी काम केले होते. नेपथ्य आणि वेष हे दोन्ही अर्थ ज्या एका जुन्या शब्दात सामावले होते, त्याच्या एका अर्थाला जगाची दाद मिळाली, दुसरा अर्थ श्रेयनामावलीच्या बारीक अक्षरांत राहिला.

साहित्याच्या क्षेत्रात आपण लेखकाच्या नावाविषयी किती दक्ष असतो! एखादा अभंग तुकारामाचा की नाही, ह्यावर आपण हस्तलिखिते ताडून वाद घालतो. नेपथ्याच्या बाबतीत हस्तलिखितच उरत नाही. रामगढ आज रामनगरात नाही. त्या डोंगरांपैकी रामदेवरबेट्ट २०१२ साली गिधाडांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि ते योग्यच झाले. खडक मूळचा त्यांचाच होता. राजवाड्याच्या आवारातील चंद्रपूरही शिल्लक नाही. प्रभातच्या स्टुडिओच्या जागी १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, म्हणून ती वास्तू तरी टिकली. तेथील देहू चित्रफितीतच पाहावा लागतो. जेथे चित्रफीतही नाही, तेथे ‘सावकारी पाश’सारखी केवळ आठवण उरते.

म्हणून विद्यार्थ्यांनी साहित्यकृती आणि तिचा चित्रपट ह्यांचा तौलनिक अभ्यास करताना चार गोष्टी क्रमाने तपासाव्यात, असे सुचवावेसे वाटते. प्रथम, मूळ संहिता स्थळाविषयी काय सांगते आणि काय मुद्दाम सांगत नाही, ह्याची नोंद घ्यावी. दुसरे, चित्रपटातील स्थळाचा कागदावर कच्चा नकाशा काढावा : कोणते दार कोठे उघडते, कोण कोणाला पाहू शकतो, उंची कोणाकडे आहे. ‘कुंकू’तील घर किंवा रामगढचा चौक असा काढून पाहिला की पात्रांचे परस्परसंबंध नकाशातच उमटतात. तिसरे, नकाशातील जी गोष्ट भूगोलाशी वा व्यवहाराशी विसंगत दिसते, पाण्याच्या टाकीसारखी, तिला चूक म्हणण्यापूर्वी ती कथेचे कोणते काम करते हे पाहावे. चौथे, श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचावी आणि कलादिग्दर्शकाचे नाव आपल्या लेखात दिग्दर्शक व पटकथाकार ह्यांच्या बरोबरीने लिहावे. रेखाटने, आराखडे, स्थिरचित्रे आणि सुतार-रंगाऱ्यांच्या आठवणी जेथे मिळतील तेथे जतन कराव्यात; १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा उपयोग केवळ चित्रफितींसाठी नसून अशा साहित्यासाठीही आहे.

ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २०१२ साली ‘कलादिग्दर्शन’ हे पुरस्काराचे नाव बदलून ‘प्रॉडक्शन डिझाइन’ केले. मेन्झीस ह्यांना दिलेले अभिधान सर्वमान्य होण्यास सत्तर वर्षांहून अधिक काळ लागला. आपल्याकडे ‘नेपथ्य’ हा शब्द आयताच हाती आहे आणि त्याला दोन हजार वर्षांची शास्त्रीय परंपरा आहे. त्याचा मूळ अर्थ ‘पडद्यामागचे’ असा असला, तरी त्या अर्थावरून त्याच्या कर्त्यांनीही पडद्यामागेच राहावे असा नियम काढण्याचे कारण नाही. भारतीय साहित्याच्या अभ्यासाने चित्रपटाला आता आपल्या कक्षेत घेतले आहे. ज्यांनी त्या साहित्यातील गावे प्रत्यक्ष बांधली, त्यांनाही त्या कक्षेत स्थान मिळाले पाहिजे.